दर शुक्रवारचा निरोप

अहो, आमच्या हापिसात कॉम्प्युटर मला जेवढा कळतो ना, तेवढा कुणाच्या बापाला कळत नाही, तुम्हाला सांगतो... म्हणजे चालू कुठून करायचा ते मला ठाऊक आहे, बंद बाकीचे करतात. पण या वयात दर शुक्रवारी निवृत्त व्हायचं म्हणजे काय चेष्टा आहे का हो? माणूस एकदा होतो निवृत्त! मी आज सातव्यांदा होऊन आलोय!

झालं काय, गोदाम सांभाळण्यात जन्म गेला, निरोपाची वेळ आली. आता आमच्या साहेबांचा खाक्या असा, की पाचही कॉम्प्युटरांवर दिसतं ना ते सगळ्यांचं मिळून एक कॅलेंडर, त्यात चढल्याशिवाय जगात काही घडतच नाही. बोट वर करून म्हणणार, "कॅलेंडरात आहे म्हणजे आहे!" मग काय, माझा निरोप मीच चढवायला बसलो. पडद्यावर विचारतंय, पुन्हा व्हायचंय का? म्हटलं, केक दोनदा खाल्ला तर आपल्या बापाचं काय जातंय? मारली टिचकी 'दर शुक्रवारी'वर! पुढे विचारतंय, शेवट कधी? आता शेवट काय आपल्या हातात असतो होय? सोडला रिकामा.

पहिला शुक्रवार झकास! टाळ्या, केक, भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ, हिशेबनीस बाई तर ढसाढसा रडल्या. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा टाळ्या, केक, घड्याळ... बाई पुन्हा रडल्या, पण जरा आटोपशीर. म्हटलं, "साहेब, गंमत केली हो! आता सुटकेच्या कागदावर सही करा. बायको सामान बांधून बसलीय, तिच्या बहिणीकडे समुद्रकाठी राहायला जायचंय, शब्द दिलाय मी." तर साहेब म्हणतात, "पुढच्या शुक्रवारी निरोप आहे तुमचा. निरोपाआधी सुटका कशी देणार? कॅलेंडरात आहे म्हणजे आहे!"

बोलावला कॉम्प्युटरवाल्याला. त्यानं कपाटावरच्या लुकलुकत्या डबीच्या सगळ्या वायरी उपटल्या, फुंकर मारली, पुन्हा खोचल्या आणि डॉक्टरसारखं तोंड केलं. "काका, ज्यानं कॅलेंडरातून निरोपाचं बोलावणं धाडलं, त्यानंच रद्द करायचं."

"मग करतो की मी!"

"तुमचं ईमेलचं खातं पहिल्या निरोपालाच बंद केलं ना. निवृत्त माणसाला खातं नसतं."

म्हणजे ऐका हं... ईमेलच्या मते मी गेलो, कॅलेंडरच्या मते अजून जायचोय, आणि मी मधल्या मध्ये सुरी घेऊन केकसमोर उभा! वर माझ्या नावचं बोलावणं सुटतं ते परत फिरतं, पाचही कॉम्प्युटरांवर टुण्ण... 'असा कोणी माणूस नाही.' आणि तो नसलेला माणूस समोर आभाराचं भाषण ठोकतोय!

शेवटी मला पुन्हा नोकरीवर घेतलं, नुसतं ते एक बोलावणं रद्द करायला! खातं नवं, नाव तेच, ध्यान तेच. बटण दाबलं... तर म्हणे अधिकार नाही! कॉम्प्युटरवाला म्हणतो, "काका, कॅलेंडरच्या लेखी तुम्ही ते नव्हेच. त्याच नावाचा नवा माणूस. आता सगळं पुसून नव्यानं बसवायला हवं."

साहेब ताडकन उठले. "आणि माझ्या वर्षभराच्या बैठका? खबरदार! कॅलेंडरात आहे म्हणजे आहे!" एवढं करून थांबले का? छे! नवा माणूस आला म्हणून माझं स्वागत चढवलं. आता सोमवारी स्वागत, शुक्रवारी निरोप!

तर आज सातवं घड्याळ काखोटीला मारून घरी आलो. आधीची सहा भिंतीवर टिकटिक करतायत, एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. बायको दारात उभी, हातात ट्रंक. मी आपलं लाडीगोडीनं म्हटलं, "अगं, पुढचा शुक्रवार नक्की शेवटचा, कॉम्प्युटरवाला म्हणालाय..."

ती चपला सरकवत म्हणाली, "माझी गाडी आत्ताची आहे. आणि माझा निरोप एकदाच असतो. येताय?"