परसातला मध

दवाखान्याच्या बाकावर डोळ्याला पट्टी बांधलेला सुतार बसला होता. त्याच्या शेजारी मायलेकी बोलत होत्या. लेकीचं तान्हं बाळ आत होतं.

"आई, त्यानं मान टाकलीय गं. रडतसुद्धा नाही."

"देव आहे ना, बाळा."

"दुधाशिवाय वरचं काही दिलंत का, डॉक्टर विचारतात. मी शपथेवर नाही म्हटलं. तू गप्प का?"

"खोकत होता गं. बोटभर मध चाटवायचे, तू आंघोळीला गेलीस की."

"वर्षाच्या आत मध नाही, बजावलं होतं ना!"

"ते दुकानातल्या मधाचं, असं वाटलं. हा आपल्या परसातल्या पोळ्याचा, देवासारखा निर्मळ. तू त्याच्यावरच वाढलीस."

"ऊठ. आत जाऊन सांग."

"मला घरात ठेवशील ना गं?"

"आधी आत चल."

सुतारानं पाय आवरून वाट दिली.