आधी आवळा!

अरे, लॉकडाऊनमधली आमची गंमत ऐका. आम्ही आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळ ब्लँचर्डस्टाउनला राहायचो आणि केतकी, माझी बायको, चाळीसेक किलोमीटरवरच्या ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात डॉक्टर. नेमका गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, गेला. नवीन आणला, पण जुन्याचा एक बोल्ट गंजून असा जाम झालेला, की दोन दिवस तेल मारतोय, पाना ओढतोय, तरी ढिम्म हलेना! आणि आता रात्र उलटली की सकाळी तिची ड्यूटी. बोल्टचं डोकं तुटलं असतं तर संपलंच!

सासरे नागपूरच्या बस डेपोतले रिटायर्ड मेकॅनिक. विमानं बंद, म्हणून आमच्याकडेच अडकलेले; सासूबाई तिकडे नागपुरात. दोन्ही दिवस शेजारी खुर्ची टाकून गप्प बसून होते. शेवटी मी पाना आपटला, तेव्हा हळूच म्हणाले, "जावईबापू, ढिला नका करू. आधी थोडा आवळून पाहा."

वैतागून आवळला. कट्ट! गंजाची पकड सुटली! मग उलटा फिरवला, तर बोल्ट अलगद हातात! मी घरापुढच्या ड्राइव्हवेमध्ये अक्षरशः नाचलो.

मग म्हटलं, "बाबा, हे कालच का नाही सांगितलंत?"

"तुमची सासू रोज फोनवर बजावते ना जी, जावयाच्या कामात तोंड घालू नका म्हणून!"