मावळतीकडची साल

ऐका रं! आन त्यो इस्तव उकरू नगा, धूर सगळा माझ्याच डोळ्यात जातोय.

माझा चुलता, धाकलूतात्या. लई आडमुठा गडी! आपल्या गावाच्या चुली पयल्यापासनं अर्जुनाच्या सालीवर पेटत्यात. वड्याकडच्या राईतनं साल आनायची, वैदाला इकायची. पन रीत हाय. दिसाच जायाचं. झाडाची उगवतीकडची साल काढायची, मावळतीकडची ठिवायची. झाड जगलं तर आपुन जगू. शेंबड्या पोराला बी कळतंय येवढं!

तात्याला कळंना. त्याला फटफटी पायजे व्हती, फटफटी! येक परगावचा व्यापारी म्हनला, "एका रातीत गाडी भरून साल दे, फटफटी दारात उभी करतो." झालं! जेवून उठला, कंदील घेतला, कोयता घेतला, निघाला. काकू दारात आडवी झाली. "अवो, राईत राखनदार हाय!" तर तिलाच ढकलून दिली मेल्यानं.

राईत गेला थेट थोरल्या अर्जुनाकडं. राईतलं सगळ्यात जुनं झाड. उगवतीकडची साल काढली. मग मागल्या अंगाला गेला, मावळतीकडं कोयता लावला. तवर पाठीमागं कुनीतरी खाकरलं.

"मावळतीची ठेवलीस न्हवं?"

तात्याला वाटलं, गावातलंच कुनीतरी मस्करी करतंय. वराडला, "ठेवली, ठेवली! जा घरी!" आन ओढली साल. कर्रर्र! बुंधा चारी अंगांनी उघडा.

कंदील इझला. वारं न्हाई, काय न्हाई, इझला! आता आवाज वरनं, फांदीतनं. "ठेवलीस न्हवं?"

तात्या पळाला. काट्यातनं पळाला, दगडातनं पळाला. आन आला कुठं? त्याच झाडाम्होरं! पुन्यांदा पळाला. पुन्यांदा तेच झाड! बुंध्याला हात लागला, तर ऊन ऊन रगत!

मग मानगूट धरली कुनीतरी. आपटला बुंध्यावर! दात पडलं, नाक फुटलं. हातातला कोयता हिसकला. खांद्यावर पातं टेकलं. हळूच. आपुन झाडाला टेकवतो तसंच. आन ओढली! खांद्यापासनं मनगटापतोर कातडी! तात्या बोंबलला, "आई गं!" काखंपासनं कमरंपतोर दुसरी पट्टी! मग मांडीची. अरं, गप बसा, अजून हाय!

"खोटं बोललो! न्हाई ठेवली! मारू नगा!"

कोयता फिरला. दुसऱ्या खांद्यावर आला, मावळतीच्या अंगाला. टेकला. तात्यानं डोळं मिटलं.

कानाशी आवाज आला, "मी ठेवतो."

आन कोयता खाली पडला.

फटफटताना काकूला घावला, वड्याच्या पान्यात रांगत व्हता. जगला. लेप कशाचा लावला, म्हाईत हाय? अर्जुनाच्या सालीचाच! दुसऱ्या झाडाची, उगवतीकडची. काकूनं सोता आनली, रीतीनं.

थोरला अर्जुन मातर उभा वाळला. तात्या मरस्तवर त्याच्या बुडाला बसायचा, रडायचा. म्हनायचा, "त्यानं माझी अर्धी ठेवली रं. मी त्याची न्हाई ठेवली."

तवा पोरांनो, रातचं त्या वाटंला पाय टाकायचा न्हाई. दिसा जावा, साल आना, पोट भरा. आन त्यो दारामागं टांगल्याला कोयता दिसतोय? उद्या तुमच्या हातात द्यायचाय. तात्याचाच हाय त्यो.