जाळीवाला

जोतीरामच्या लेकीला, वैष्णवीला, जुळं झालं, त्याच साली खाडीच्या धुक्यातून तोंड झाकलेला जाळीवाला येऊ लागला. साखळीचोरावर तो मासळीचं जाळं फेकी, त्याला चौकीपुढे बांधून ठेवी आणि पुन्हा धुक्यात विरून जाई. जोतीराम त्याच्या नावानं देवापुढे दिवा लावी.

मग जाळीवाला पकडला गेला. जुळ्यांच्या जन्मदाखल्याच्या कागदांसाठी जोतीराम बेलापूरच्या कोर्टात बसला होता. शेजारच्या बाकावर दोघी होत्या: जाळीवाल्याची आई, दिवाळे कोळीवाड्यातली हिराबाई, आणि शकुबाई. शकुबाईचा मुलगा शिवतेज त्याच्या जाळ्यात अडकून मोटारसायकलवरून पडला होता, तेव्हापासून दवाखान्यात बेशुद्ध होता.

"शकुबाय, जबानी देऊ नको. माजा पोऱ्या देवमानूस हाय."

"देवमाणूस तोंड कशाला झाकतोय?"

"तुज्या पोरानं साखळी वढली का नाय?"

"वढली. शुद्धीवर आला की चपलेनं हाणीन. पण चालत्या गाडीवर जाळं टाकायचं व्हय?"

"गावानं हार घातले, नारळ दिला. त्याला वाटला, आपुनच कोर्ट."

"एक इचारू?"

"इचार."

"जाळ्यात लईच बारकी मासळी आली, तर काय करता?"

"परत खाडीत सोडतो. वाढू देतो."

"माझा बारकाच हाय गं."

 आतून पुकारा झाला.

"ऊठ, शकुबाय. काय हाय ते सांग."

"आन् तू?"

"मी पन येते. त्याचा जाळा मीच विनलाय."

शिवतेज त्याच साली, नारळी पौर्णिमेच्या सकाळी वारला.