मान दाखवायला गेलो तेव्हा

चहा येईपर्यंत सांगतो. माझी मान डावीकडे वळेना, तेव्हा बायकोने स्कूटरची किल्लीच काढून घेतली. "मागचं दिसत नाही तुम्हाले. मान वळली की देते," म्हणाली. बातमीसाठी आख्खं नागपूर पालथं घातलेला माणूस, आणि मी रिक्षाने फिरायचं?

चिडून धंतोलीत एका कायरोप्रॅक्टर बाईंकडे गेलो, म्हणजे हाताने मणके सरळ करणाऱ्या. भांडायची तयारी करूनच गेलो होतो. "सत्तरीतल्या माणसाची मान कटकन मोडता. काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी मोडत नाही, काका. तुमचा एक्स-रे पाहिला, या वयात झटका द्यायचा नसतो. पडा निवांत."

माझे पुढचे सगळे प्रश्न तिथेच वाया गेले. तिची बोटं मानेखाली हळूहळू फिरू लागली आणि मला तरंगल्यासारखं झालं. पंख्याचा आवाज दूर दूर गेला. मी काटोलच्या पोस्टात उभा होतो. बाहेर गारा पडत होत्या, आणि पांढऱ्याशुभ्र जमिनीवर संत्री आवाज न करता घरंगळत होती. मी तिथल्या फोनवरून ऑफिसला बातमी सांगत होतो, "पूर्णविराम. नवा परिच्छेद."

"काका," कुठून तरी आवाज आला, "मान खांद्यावर काहून दाबून राहिले?"

"फोन धरलाय. हातात कागद आहेत."

"किती वर्षं धरला असा?"

"चाळीस."

"मग ठेवा आता खाली. त्याशिवाय मान वळत नाही."

"थांब वं पोरी," मी खेकसलो, "शेवटची ओळ द्यायची आहे अजून."