अकराव्या पानावरच्या ढलप्या

बाबा : हा गज आहे की लाटणं?

मुलगी : व्हायोलिनचा गज.

बाबा : मग मुठीत का धरलाय? कुणाला मारायला निघालीय?

मुलगी : बाबा, चित्रातली मुलगी आठ वर्षांची आहे. पहिल्या दिवशी सगळेच तसा धरतात. मीही धरायचे.

बाबा : तू वर्षभर धरायचीस.

मुलगी : पुस्तक चोवीस पानांचं आहे, नाहीतर मीही वर्षभर ठेवला असता.

आई : चाळीस वर्षं व्हायोलिनं दुरुस्त करणाऱ्याला चित्रं तपासायला दिलीस! आता हे पुस्तक तुझी नातवंडंच वाचणार.

मुलगी : तेवढा वेळ नाही गं. पाचला छापखान्याचा माणूस चित्रं न्यायला येतोय.

बाबा : चौथ्या पानावर मांजर खिडकीतून उडी मारतंय.

मुलगी : तिचं वाजवणं ऐकून. विनोद आहे तो.

बाबा : विनोद कसला, घडलं होतं ते. पण तारा तीनच आहेत.

मुलगी : एक तुटलीय.

बाबा : तुटलेली तार लोंबते, हवेत विरत नाही. लोंबती काढ.

मुलगी : काढते. पुढे?

बाबा : सहाव्या पानावर हनुवटी उजवीकडे, हवी डावीकडे. आठव्यावर खुंट्या पाच. तार नसलेली खुंटी कशाला, टोपी अडकवायला?

आई : माझ्या आमटीला याहून बरे मार्क मिळतात.

बाबा : हं. अकरावं पान राहू दे. चहा टाकतेस का गं?

मुलगी : का राहू दे?

बाबा : ढलप्या चुकल्यात.

मुलगी : काय चुकलंय? अलीकडच्या खोलीत ती वाजवतेय. मधलं दार बंद. पलीकडे कामाच्या खोलीत बाप रंधा मारतोय, ढलप्या उडतायत.

बाबा : उडत नव्हत्या.

मुलगी : बाबा, मी गज उचलला की तुमचं दार खटकन लागायचं. तीन वर्षं, रोज. बाकीच्या पानांत मी भर घातलीय, हे एवढं एकच पान जसंच्या तसं आहे. शेवटी मीच म्हटलं, कामात असलेल्या माणसाचे कान कशाला खायचे. सोडलं.

बाबा : तू चित्रांसाठी सोडलंस.

मुलगी : चित्रं कुणाला ऐकू जात नाहीत म्हणून.

(पातेल्यात पाणी उकळतं.)

आई : तुम्ही सांगता, की मी सांगू?

बाबा : त्यात काय सांगायचंय?

आई : अगं, वाजवताना तुला रंध्याचा आवाज आला होता का कधी?

मुलगी : माझाच आवाज एवढा असायचा, की...

आई : तू वाजवायचीस तो अर्धा तास हा माणूस स्टुलावर बसून असायचा, कान दाराला. मी काही विचारायला गेले की ओठांवर बोट. एकदा एक गिऱ्हाईक आलं, तर त्यालाही तसंच उभं केलं. बिचाऱ्याने तुझा सगळा सराव ऐकला. परत काही आला नाही.

मुलगी : मग दार का लावायचात?

बाबा : उघडं असलं की तू एकेक सूर काढून माझ्या तोंडाकडे बघायचीस. बापाचं तोंड बघून कुणी वाजवायला शिकतं का?

मुलगी : हे तेव्हा सांगायचं ना मला!

बाबा : दार बंद होतं.

आई : घ्या. म्हणे दार बंद होतं.

मुलगी : चार वाजून गेले. ढलप्यांवर फरशीचा रंग मारते. रंधा ठेवू ना हातात?

बाबा : ठेव. थांबलेला.

मुलगी : आणि चेहरा? आत्ता नुसती पाठ आहे. वळवला, तर कसा काढू?

बाबा : ते मला काय ठाऊक? मी थोडाच बघत होतो.

आई : मी बघितलाय. पेन्सिल घे.