मीटिंगमध्ये बाबा खोकतात

...नाही नाही, माणसं बोलत नाहीत म्हणजे काय, तोंडं नाहीत का त्यांना? अहो, मी दाताचा डॉक्टर, दिवसभर लोक माझ्यापुढे तोंड उघडतात, अनोळखी लोक, नुसतं 'आ करा' म्हटलं की पार पडजिभेपर्यंत दाखवतात, आणि माझ्याच दवाखान्यातली माझीच तीन माणसं सोमवारी सकाळी मीटिंगला बसवली... बसवली कसली, उभी केली... आणि प्रेमानं विचारलं, 'कोणाला काही बोलायचंय?' की संपलं! शांतता! अशी शांतता, तुम्हाला सांगतो, की मागच्या खोलीतला कॉम्प्रेसर आपला आपण 'घर्रर्र' करून सुरू होतो ना, तर मला त्याचे पाय धरावेसे वाटतात. निदान कोणीतरी बोललं!

आणि नुसती शांतता असती तर मी काढली असती हो. पण त्या शांततेत खोकला येतो. 'अँ-हंऽऽ!' असा. कोरडा, घशातून, एकदाच. माझ्या बाबांचा. आता तुम्ही म्हणाल, वय झालं की माणूस खोकणारच, त्यात काय एवढं? त्यात एवढंच, की बाबा गेल्याच्या गेल्या वर्षी गेले.

हसू नका. मलाही भुताखेतांचं हसूच यायचं. पण दवाखाना त्यांचा, भिंती त्यांच्या, पेशंट त्यांचे. ते मोठे डॉक्टर आणि मी छोटे डॉक्टर. पन्नाशी उलटली, डोक्यावरचं छप्पर उडालं, तरी छोटे डॉक्टर! पेशंट खुर्चीत बसतो, मी समोर येतो, तर तो माझ्या खांद्यावरून मागे बघतो, आणखी कोणी येतंय का म्हणून. आणि खरं सांगू? हल्ली मीसुद्धा मागे बघतो.

तर ही मीटिंग आली कुठून? ताईंमुळे. ताई म्हणजे आमच्या असिस्टंट, बाबांच्या काळापासूनच्या. मी हात पुढे केला की हवं ते हत्यार हातात असतं, मागावं लागत नाही. पेशंट भूल द्यायच्या आधीच निम्मा गार होतो, कारण ताईंनी कपाळावर हात ठेवलेला असतो. तर एक पेशंट, चूळ भरता भरता, अगदी सहज, 'ताई समोर जाणार म्हणे?' समोर म्हणजे रस्त्यापलीकडे, तो नवा काचेचा दवाखाना! माझ्या हातातला आरसा त्याच्या दातांवर आपटला. अहो, ताई गेल्या तर माझ्याकडे राहिलं काय? मी. आणि मला बघायला कोण येतंय?

आता सरळ विचारावं की नाही, 'ताई, खरं आहे का हे?' नाही विचारलं. घाबरलो. त्या 'हो' म्हणाल्या असत्या तर? मग घरी बायकोला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, 'अहो, माणसांशी बोला जरा. मीटिंग घ्या मीटिंग! सगळीकडे घेतात.' झालं. फोनवर एक व्हिडिओ सापडला, परिणामकारक मीटिंग कशी घ्यावी. टाय लावलेला एक माणूस, दात इतके पांढरे की मला संशयच आला, तो सांगतो, 'मीटिंग उभ्यानं घ्या! प्रत्येकाला आठवड्यातली एक चांगली गोष्ट सांगू द्या! मग मोकळा प्रश्न विचारा... आणि थांबा!' थांबा म्हणतो. किती थांबा ते नाही सांगितलं.

पहिली मीटिंग. मी, ताई, झाडूपोछावाल्या मावशी, आणि काउंटरवरची मुलगी, तिला आम्ही 'एकमिनिट' म्हणतो, कारण ती फोन उचलून आधी तेच म्हणते. म्हटलं, चांगली गोष्ट सांगा. मावशी म्हणाल्या, 'चांगली म्हंजे... बेसिन तुंबलं नाही.' एकमिनिट म्हणाली, 'सर, माझा पास.' ताई नुसत्या कोपऱ्यात बघत होत्या. कोपऱ्यात बाबांचं स्टूल आहे. गोल, चाकांचं. त्यावर बसून त्यांनी जन्मभर दात काढले. मी त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घातलंय आणि सक्त ताकीद दिलीय, कोणी बसायचं नाही, ती आठवण आहे. तर मी व्हिडिओतल्यासारखं दोन्ही हात पसरून विचारलं, 'कोणाला काही बोलायचंय?' ताईंचे ओठ हलले, तुम्हाला सांगतो, मी बघितलं, हलले... आणि 'अँ-हंऽऽ!' ओठ मिटले. तिघींची तोंडं एकदम बंद, कोणी चावी फिरवावी तशी. तिघींनी माना खाली घातल्या. म्हणजे ऐकू त्यांनाही येत होतं!

मी स्टूलकडे बघितलं. स्टूल नुसतं उभं होतं. पण तुम्हाला सांगतो, रिकाम्या स्टूलसारखं नव्हतं ते उभं.

त्याच दुपारी घरून जेवून आलो, तर स्टूल खुर्चीच्या बाजूला सरकलेलं. मी हात लावला... गरम! प्लॅस्टिक गरम, मधोमध, माणूस नुकताच उठावा तसं! मला दरदरून घाम फुटला. पुढच्या पेशंटला मी वरच्या दाढेऐवजी खालची ठोकून बघितली, तो म्हणाला, 'डॉक्टर, तिकडं नाही हो!' ताई म्हणाल्या, 'पाणी देऊ का?' त्याला नाही, मला.

मग दर सोमवारी तेच. मी विचारतो, 'कोणाला काही बोलायचंय?' ताईंचे ओठ हलतात, बाबा खोकतात, तोंडं मिटतात. घरी बसल्या बसल्या डुलकी लागली तरी मी बडबडायला लागलो, 'कोणाला काही बोलायचंय?' बायको म्हणाली, 'मला बोलायचंय! डॉक्टरला दाखवा स्वतःला!' कुठल्या डॉक्टरला दाखवू, सांगा? आणि काय सांगू, वडील मीटिंगला येतात? लहानपणी आम्ही भावंडं जेवताना भांडायला लागलो की बाबा फक्त खोकायचे. एकदा. घास तोंडात तसाच राहायचा. आज ते नाहीत, तरी माझा घास अडकतोच. मी भ्यायलो होतो हो. वाटायचं, बाबांना मी मीटिंग घेतलेली आवडत नसणार. दवाखान्यात मी केलेलं काहीच आवडत नसणार. आणि ताई त्यांचं ऐकून निघाल्यात.

अशात माझी दाढ दुखायला लागली. हसा, हसा, दाताच्या डॉक्टरची दाढ दुखली की सगळे हसतात. रूट कॅनालला आमच्याकडे एक स्पेशालिस्ट येतो, माझाच वर्गमित्र, दर गुरुवारी येतो म्हणून त्याचं नावच 'गुरुवार'. तो म्हणाला, 'झोप खुर्चीत.' झोपलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत असा झोपलो. काय भयानक जागा आहे हो ती! डोळ्यांवर दिवा, नाकापुढे लोकांच्या हनुवट्या. गुरुवारनं भूल दिली, अर्धं तोंड गेलं, जीभ गेली, घसा गेला. गालात कापूस, तोंडावर रबराचा पडदा, ओठाला सक्शनची नळी. मी म्हणजे डोळे आणि कान, बाकी काही उरलं नाही.

आणि तुम्हाला सांगतो, पेशंटच्या डोक्यावरून आम्ही कसं बोलतो ते मला त्या दिवशी कळलं. जणू तो तिथे नाहीच! गुरुवार काम करता करता म्हणाला, 'काय ताई, समोर निघालात म्हणे?'

मी डोळे फाडले. ताई म्हणाल्या, 'जायची हौस आहे होय मला? जन्म गेला माझा ह्या खुर्चीशेजारी उभं राहण्यात. गुडघ्यांत आता काही उरलं नाही, डॉक्टर. जिना उतरताना रडू येतं. समोर असिस्टंटला बसायला स्टूल आहे, मी स्वतः बघून आले.'

'मग सांगायचं ना याला!'

'कधी सांगू? विचारतात, कोणाला काही बोलायचंय, आणि लगेच खोकतात!'

कोण खोकतात? कोण?

'अगदी मोठ्या डॉक्टरांसारखं,' ताई म्हणाल्या. 'मोठ्या डॉक्टरांचा खोकला म्हणजे, तोंड बंद, विषय संपला. हाडात बसलंय ते आमच्या. यांचा तर हुबेहूब तसाच. डोळे मिटले तर ओळखू यायचं नाही, बाप खोकला की लेक.' दारातून मावशी म्हणाल्या, 'माझी तर मान खालीच जाते.' त्यांच्या मागून एकमिनिट म्हणाली, 'आणि सरांना कळतच नाही ते खोकतात म्हणून. उलट स्टूलकडं बघतात!' ताई म्हणाल्या, 'त्या स्टूलवर हे जेवायला गेले की बसते मी घडीभर. प्लॅस्टिकवरच बसते. आठवण आहे ना ती.'

म्हणजे बाबा कोपऱ्यात नव्हतेच. बाबा माझ्या घशात होते. मी इतके सोमवार ज्याला घाबरत होतो तो मीच होतो, आणि जिला थांबवायला मीटिंग घेत होतो तिला मीच दर सोमवारी गप्प करत होतो. माझ्या अंगावर काटा आला, तुम्हाला सांगतो, भुतानं आला नसता असा. मी हात उचलला, स्टूलकडे बोट दाखवलं, घ्या ना ते, आत्ता घ्या! एकमिनिट म्हणाली, 'दुखतंय वाटतं सरांना.' गुरुवार म्हणाला, 'दुखतंय? देतो अजून एक.' आणि दिली की हो त्यानं अजून एक भूल! माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ताईंनी ते कापसानं टिपलं आणि कपाळावर हात ठेवला, 'झालं हं, थोडंच राहिलं.' सगळ्यांना म्हणतात तसंच. मी खरंच गार झालो.

उठलो तसा लाळ गळत, एका गालानं, सरळ कोपऱ्यात गेलो. कव्हर टराटरा फाडलं. मला वाटलं आता बाबा खोकतील... नाही खोकले. घसाच बधिर होता ना. स्टूल ढकलत आणून ताईंच्या मागे लावलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग बसल्या. बसल्यावर त्यांनी डोळे मिटून जो श्वास सोडला ना, तो मी जन्मात विसरणार नाही. समोरच्या दवाखान्याला निरोप गेला, ताई येणार नाहीत.

म्हटलं, जिंकलो! पुढच्या सोमवारी मीटिंगला सगळ्यांसाठी खुर्च्या मांडल्या, गळ्याला मफलर गुंडाळला, तोंडात खडीसाखर धरली आणि विचारलं, 'कोणाला काही बोलायचंय?' आणि ताई बोलल्या! म्हणाल्या, 'रागवू नका, छोटे डॉक्टर. तुम्ही खोकला नाहीत तरी आता खोकतील, आता खोकतील असं वाटत राहतं. त्या धास्तीनं काही सुचतच नाही. तर तुम्ही जरा बाहेर थांबलात तर...' मावशींनी हात वर केला. एकमिनिटनं केला. सगळ्यांचे हात वर, तर आपला एकट्याचा खाली बरा दिसतो का? मीही केला.

आता काय उत्तम चालते मीटिंग! आतून हसण्याचे आवाज येतात, भांडणं होतात, मिटतात. मी बाहेर पेशंटच्या बाकावर बसतो. घशात बाबा खवखवतात, मी आवंढा गिळून त्यांना परत खाली पाठवतो. परवा एक नवीन पेशंट आला, गाल धरून माझ्या शेजारी टेकला आणि म्हणाला, 'काय हो, आत जायला बराच वेळ आहे का?'

म्हटलं, 'बसा. तुमचा लागेल नंबर. माझं काही सांगता येत नाही.'